बेडकाच्या भ्रूणातल्या पहिल्या वाटा

सिंगापूरच्या एमआरटीची हिरवी मार्गिका पूर्वेला पासिर रिसमध्ये संपते. तिथल्या समुद्रकाठच्या उद्यानात सुमारे सहा हेक्टर खारफुटी राखून ठेवली आहे. लाकडी वाटेवरून फिरणाऱ्यांना बगळे, निवट्या आणि खेकडे दिसतात. सिंगापूरच्या अशा खाऱ्या चिखलात राहणारा एक प्राणी मात्र जीवशास्त्रज्ञांना या सगळ्यांहून जास्त चकित करत आला आहे. तो म्हणजे खेकडे खाणारा बेडूक, शास्त्रीय नाव फेजेर्वार्या कॅन्क्रिव्होरा. बेडकांना मीठ सोसत नाही, हा नियम त्याने मोडला. प्रौढ बेडूक अंगात युरिया साठवून समुद्राच्या सुमारे ८० टक्के खारटपणाच्या पाण्यात तग धरतो, हे माल्कम गॉर्डन आणि क्नुट श्मिट-नील्सन यांच्या गटाने १९६१ मध्ये दाखवलं. त्याचे बेडूकमासे तर समुद्राहून खाऱ्या पाण्यातही जगतात.

त्याच हिरव्या मार्गिकेवर, गाडी न बदलता, बुओना व्हिस्टा स्टेशन येतं. तिथे बायोपोलिस हे संशोधन संकुल आहे. तिथल्या प्रयोगशाळांत ज्या बेडकाचं नाव निघतं, तो सिंगापूरचा नाही. तो दक्षिण आफ्रिकेचा झेनोपस लेव्हिस, पायाला नखं असलेला, जन्मभर पाण्यात राहणारा. बेडकाचं भ्रूण कसं घडतं याविषयी पाठ्यपुस्तकांत जे छापलेलं असतं, त्यातलं बहुतेक या एका परक्या बेडकाने सांगितलेलं आहे. भ्रूणातल्या पेशी अगदी पहिल्या तासांत एकमेकींशी थेट कशा जोडल्या जातात आणि ते जोड बांधणारी जनुकं कधी जागी होतात, हे त्यातलंच एक मोठं प्रकरण.

हा जोड म्हणजे गॅप जंक्शन. जुन्या वाड्यात शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांच्या सामाईक भिंतीत एखादा झरोका असावा, त्यातून वाटीभर साखर जावी पण पिंप जाऊ नये, तसं याचं काम चालतं. दोन पेशींच्या पटलांमध्ये इथे जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर अंतर उरतं. दोन्ही बाजूंनी सहा-सहा प्रथिनांची कडी बसते, कड्या समोरासमोर जुळतात आणि मधून एक नळी तयार होते. साधारण हजार डाल्टनपर्यंतचे रेणू तिच्यातून जातात: आयन, साखरेचे छोटे रेणू, कॅल्शियमचे निरोप देणारे रेणू. प्रथिनं आणि आरएनए मागे राहतात. या नळ्या बांधणाऱ्या प्रथिनांना कनेक्सिन म्हणतात, आणि प्रत्येकाला त्याच्या वजनावरून क्रमांक मिळतो. ४३ हजार डाल्टनचं ते कनेक्सिन ४३. माणसात अशी २१ जनुकं आहेत.

आणि घड्याळ? झेनोपसचं अंडं सव्वा मिलिमीटरच्या आसपास, साध्या डोळ्यांना दिसणारं. फलनानंतर सुमारे दीड तासाने ते दुभंगतं. मग अर्ध्या-अर्ध्या तासाने विभाजनं होत राहतात: चार पेशी, आठ, सोळा, बत्तीस. या काळात भ्रूणाची स्वतःची जनुकं जवळपास गप्प असतात. आईने अंड्यात साठवून ठेवलेल्या आरएनएवर आणि प्रथिनांवरच सगळं चालतं. जॉन न्यूपोर्ट आणि मार्क किर्शनर यांनी १९८२ मध्ये दाखवलं की बाराव्या विभाजनाच्या सुमाराला, चारेक हजार पेशी झाल्यावर, भ्रूणाची जनुकं जोमाने बोलू लागतात. गॅप जंक्शनच्या जनुकांचा प्रश्न या सीमारेषेभोवतीच फिरतो. ती ओलांडण्याआधी पेशींना जोडणारी वाट आईने पाठवलेल्या निरोपावर बांधली जाते. नंतरची वाट भ्रूण स्वतः बांधतं.

इथे एक भेद सुरुवातीलाच करायला हवा, कारण तो न केल्याने या विषयात पुष्कळ गोंधळ झाला. जनुकाचा निरोप, म्हणजे संदेशवाहक आरएनए, पेशीत आहे का, हा एक प्रश्न. त्यातून तयार झालेली वाट प्रत्यक्षात उघडी आहे का, हा दुसरा. आणि ती बंद केली तर भ्रूणाचं काही बिघडतं का, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर चाळीस वर्षांत भक्कम झालं. दुसऱ्याचं उत्तर एकदा देऊन परत घ्यावं लागलं. तिसऱ्यावर वाद संपलेले नाहीत.

गंमत म्हणजे इतिहास उलट्या क्रमाने घडला. वाट आधी सापडली, जनुक शेवटी. एडविन फर्शपन आणि डेव्हिड पॉटर यांनी १९५९ मध्ये क्रेफिशच्या मज्जापेशींमध्ये विद्युतप्रवाह थेट एका पेशीतून दुसरीत जातो असं नोंदवलं. वर्नर लोवेनस्टाइन यांना १९६४ मध्ये फळमाशीच्या लाळग्रंथीतही तेच दिसलं, म्हणजे हा फक्त मज्जापेशींचा खेळ नव्हता. त्यानंतरच्या काही वर्षांत सॅलॅमँडरच्या कुळातल्या प्राण्यांच्या, स्क्विडच्या आणि बेडकाच्या भ्रूणांतही पेशी विजेने जोडलेल्या सापडल्या. १९६७ मध्ये ज्याँ-पॉल रेव्हेल आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागेची षट्कोनी नक्षी दाखवली. ती नक्षी ज्या प्रथिनांची आहे त्यांची जनुकं हाती यायला मात्र १९८६ उजाडलं. डेव्हिड पॉल यांनी, आणि स्वतंत्रपणे नलिन कुमार व नॉर्टन गिलुला यांनी, उंदरा-माणसाच्या यकृतातून पहिलं जनुक वेगळं केलं. पुढच्याच वर्षी हृदयातून कनेक्सिन ४३ निघालं.

यकृताचा धागा हाती लागल्यावर गिलुला यांच्या प्रयोगशाळेने लगेच बेडकाकडे मोर्चा वळवला. रॉबर्ट गिमलिक, कुमार आणि गिलुला यांचा पहिला निबंध १९८८ चा. त्यात झेनोपसमधलं यकृतासारखं कनेक्सिन, क्रमांक ३०, सापडलं. पण पहिल्या विभाजनांच्या काळात त्याच्या निरोपाचा पत्ता जवळपास नव्हता. पेशी तर विजेने जोडलेल्या होत्या. मग वाट कशाची बनली होती? उत्तर १९८९ मध्ये लिसा एबिहारा, एरिक बेयर, कॅथरीन स्वेन्सन, पॉल आणि डॅनियल गुडइनफ यांनी ‘सायन्स’मध्ये दिलं. अंडपेशीत कनेक्सिन ३८ नावाचं वेगळंच जनुक आपला निरोप साठवून ठेवतं. १९९० मध्ये गिमलिक आणि सहकाऱ्यांनी तिन्ही जनुकं शेजारी-शेजारी मोजली आणि चित्र स्पष्ट झालं. कनेक्सिन ३८ चा निरोप आईकडून येतो, सुरुवातीला भरपूर असतो आणि मज्जानलिका घडण्याच्या सुमाराला ओसरतो. कनेक्सिन ३० आणि ४३ यांचे निरोप भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांतून नंतर वाढतात. अवयव आकाराला येतात त्या काळात त्यांचा जोर दिसतो.

इतकं साधं वाचलं की वाटतं, झालं, उलगडलं. पण १९९० च्या त्या तक्त्याने एका जुन्या, गाजलेल्या प्रयोगाखाली सुरुंग पेरला होता.

तो प्रयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला. ॲन वॉर्नर, सारा गथ्री आणि गिलुला यांनी १९८४ मध्ये आठ पेशींच्या बेडूकभ्रूणातल्या एका पेशीत गॅप जंक्शनच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं टोचली. त्या पेशीच्या वंशातल्या पेशींचं शेजाऱ्यांशी असलेलं दळणवळण तुटलं, आणि मोठ्या झालेल्या कित्येक बेडूकमाशांची डावी-उजवी बाजू सारखी राहिली नाही. टोचलेल्या बाजूचा डोळा नाही, मेंदू खुरटलेला. ‘नेचर’च्या त्याच अंकात गथ्री यांचा दुसरा निबंध होता. ल्युसिफर यलो नावाचा चमकणारा रंग बत्तीस पेशींच्या अवस्थेत टोचला तर तो पुढे पाठीचा भाग होणाऱ्या पेशींमध्ये जास्त वेळा पसरतो, पोटाच्या बाजूला कमी. दोन्ही एकत्र ठेवले की निष्कर्ष मोहात पाडणारा होता: कुठली वाट उघडी आणि कुठली बंद, यावरून भ्रूणाची पाठ आणि पोट ठरतं. पुढची पंधरा वर्षं हे चित्र पाठ्यपुस्तकांत राहिलं.

पण वॉर्नर यांची प्रतिपिंडं उंदराच्या यकृतातल्या प्रथिनाविरुद्ध बनवलेली होती. यकृतासारखं कनेक्सिन आठ पेशींच्या भ्रूणात मुळात नाहीच म्हटल्यावर ती कशाला चिकटली? कनेक्सिनांचे काही भाग सगळ्या कुटुंबात बरेच सारखे असतात, त्यामुळे ती ३८ लाही पकडत असतील, हे शक्य आहे. तरीही प्रयोगाचा निकाल आणि त्याचं स्पष्टीकरण यांत फट राहतेच.

अशीच फट दुसऱ्या एका प्राण्यात आणखी रुंद आहे, आणि त्या प्राण्याचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. १९८७ मध्ये स्कॉट फ्रेझर, कॉलिन ग्रीन, हान्स बोडे आणि गिलुला यांनी हायड्रामध्ये यकृताच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं घातली आणि डोक्याची जागा ठरवणारी यंत्रणा बिघडते असं दाखवलं. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला इवलासा, पुन्हापुन्हा उगवणारा जीव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने या प्राण्यावर दीर्घकाळ काम केलं. २०११ मध्ये त्यांनी वर्णन केलेला पुण्याचा वाण आज ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’ या नावाने ओळखला जातो. पुढे कळलं की हायड्राकडे कनेक्सिन नसतंच. त्याची गॅप जंक्शनं इनेक्सिन नावाच्या वेगळ्या प्रथिनकुटुंबाची असतात. मग ती प्रतिपिंडं तिथे नेमकं काय करत होती, हे कोडंच म्हणायचं.

रंगाचा पुरावा २००० मध्ये कोसळला. लँड्समन, गुडइनफ आणि पॉल यांनी तोच प्रयोग एका सावधगिरीने पुन्हा केला. ल्युसिफर यलोबरोबर त्यांनी डेक्स्ट्रानला जोडलेला मोठा रंगही टोचला, जो गॅप जंक्शनमधून जाऊच शकत नाही. शिवाय भ्रूण नुसतं अखंड, बाहेरून न पाहता त्यांनी त्याचे पातळ काप करून तपासले.  निकाल असा आला की कापांमध्ये ल्युसिफर यलो गॅप जंक्शनमधून शेजारच्या पेशीत गेलेला एकदाही दिसला नाही. पूर्वी ज्याला रंग पसरणं समजलं गेलं, तो टोचलेल्या पेशीतून विखुरलेला प्रकाश होता, आणि पोटाकडच्या पेशींमधलं गडद रंगद्रव्य तो झाकत असल्याने दोन बाजूंत फरक भासत होता. न्यूरोबायोटिन हा आणखी छोटा रेणू वापरल्यावर खरी गॅप जंक्शनं दिसली, पण पाठ आणि पोट या बाजूंमध्ये फरक आढळला नाही. सगळ्यात सुंदर चित्र असं पाहण्यातल्या एका चुकीपायी गळून पडलं. या विषयातल्या प्रयोगांत हा प्रयोग सर्वांत शिकवून जाणारा आहे, आणि त्याची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

म्हणजे सुरुवातीच्या वाटा निरुपयोगी का? तसंही नाही. १९९५ मध्ये पॉल आणि गुडइनफ यांच्या गटाने यकृतातलं कनेक्सिन ३२ आणि हृदयातलं ४३ यांचे तुकडे जोडून एक बिघाड करणारं प्रथिन तयार केलं, जे इतर कनेक्सिनांच्या कड्या नासवतं. त्याचा आरएनए टोचलेल्या पेशी शेजाऱ्यांपासून सुटू लागल्या आणि भ्रूणाबाहेर ढकलल्या गेल्या. म्हणजे वाटांचा पेशी एकत्र राहण्याशी काही संबंध आहे. तो निरोप पोहोचवण्यामुळे की नुसत्या चिकटून राहण्यामुळे, हे वेगळं काढणं अवघड.

पाठ-पोटाचा प्रश्न मागे पडत असताना डाव्या-उजव्याचा प्रश्न पुढे आला. हृदय डावीकडे, यकृत उजवीकडे, हे भ्रूणाला कळतं कसं? मायकल लेव्हिन आणि मार्क मर्कोला यांनी १९९८ मध्ये झेनोपसमध्ये गॅप जंक्शनं रोखून दाखवली; हृदय, आतडं आणि पित्ताशय यांच्या जागा मग बेभरवशाच्या होतात. त्यांचं म्हणणं होतं की हा निर्णय पहिल्या काही विभाजनांतच, कनेक्सिनांच्या वाटांतून एखादा छोटा रेणू एका बाजूला साठून घेतला जातो. २००५ मध्ये त्या रेणूसाठी सेरोटोनिनचं नावही पुढे आलं.

या कल्पनेला माणसातून बळ मिळेल असं काही काळ वाटलं होतं. १९९५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक निबंध आला: हृदयाचे गंभीर दोष आणि अवयवांच्या उलटसुलट जागा असलेल्या मुलांमध्ये कनेक्सिन ४३ चे बदल. इतर गटांनी आपापले रुग्ण तपासले. बदल सापडले नाहीत. त्याच वर्षी कनेक्सिन ४३ काढून टाकलेले उंदीर तयार झाले. ते हृदयाच्या उजव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडण्याचा मार्ग अडून जन्मताच मेले. पण त्यांच्या डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली नव्हती.

उंदरात १९९८ मध्ये वेगळंच उत्तर मिळालं. भ्रूणातल्या एका छोट्या खळग्यात सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, गरगर फिरून द्रव डावीकडे ढकलतात, आणि त्या प्रवाहावरून बाजू ठरते. २००७ मध्ये जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात आक्सेल श्वाइकर्ट आणि मार्टिन ब्लुम यांच्या गटाने हाच प्रवाह झेनोपसमध्येही दाखवला. त्यांच्याच गटातल्या टीना बेयर यांनी २०१२ मध्ये कनेक्सिन २६ कडे बोट दाखवलं. हे जनुक बंद केलं की बाजू बिघडते. पण त्याची गरज पहिल्या विभाजनांत लागत नाही. ती लागते मज्जानलिका घडताना, प्रवाह झाल्यानंतर, खळग्याच्या कडेपासून बाजूच्या पेशींपर्यंत निरोप नेण्यासाठी. सेरोटोनिनबद्दलही याच गटाने त्याच वर्षी दाखवलं की ते लागतं ते सिलिया असलेला तो भाग नीट घडण्यासाठी. लेव्हिन यांच्या बाजूने अजून आग्रह आहे की सुरुवात आधीच होते. पुराव्याचा तोल मात्र सध्या होहेनहाइमकडे झुकलेला आहे.

बायोपोलिसचं नाव इथे येतं. ब्रुनो रेव्हेरसाद यांनी एडी डी रॉबर्टिस यांच्याकडे कॅलिफोर्नियात झेनोपसवर काम केलं; २००५ मध्ये त्या दोघांनी भ्रूणाचे दोन्ही ध्रुव परस्परांना कसे सांभाळून घेतात हे दाखवलं होतं. नंतर रेव्हेरसाद यांनी सिंगापूरला प्रयोगशाळा उभारली. २०२२ च्या ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये त्यांच्या गटाने सिरॉप नावाचं जनुक मांडलं. युक्ती देखणी होती. पक्षी, सरपटणारे प्राणी, डुकरं आणि गाई यांच्या भ्रूणात डावीकडे ढकलणारे ते सिलिया नसतात, तर मासे, बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्यात असतात. मग पहिल्या गटाने कुठली जनुकं गमावली, हे संगणकावर शोधायचं. जी मोजकी नावं निघाली त्यात सिरॉप होतं, आणि अवयवांच्या जागा चुकलेल्या माणसांतही ते बिघडलेलं सापडलं. झेनोपस आणि झेब्रा माशात ते बंद केल्यावर बाजू चुकली. कनेक्सिन २६ त्या साखळीत कुठे बसतं? बेयर यांचा निकाल खरा धरला तर सिरॉपच्या नंतर, निरोप पुढे पोहोचवण्याच्या टप्प्यावर. नळीतून जाणारा रेणू कोणता, हे अजून नक्की झालेलं नाही.

जनुकं कधी आणि कुठे जागी होतात, या पहिल्या प्रश्नाचं काम आता जवळपास यांत्रिक झालं आहे. झेनोपस ट्रॉपिकॅलिसचा जीनोम २०१० मध्ये आला, लेव्हिसचा २०१६ मध्ये. लेव्हिस हा दोन प्रजातींच्या संकरातून बनलेला, म्हणून त्याच्याकडे बहुतेक जनुकांच्या दुहेरी जोड्या. गिमलिक यांच्या काळात या जोड्यांचा पूर्ण हिशेब हाती नव्हता. २०१८ मध्ये ट्रॉपिकॅलिसच्या लाखाहून जास्त पेशी एकेक करून वाचल्या गेल्या. ज्या तक्त्यासाठी गिमलिक यांना जेलवरच्या पट्ट्या मोजाव्या लागल्या, तो आता कुठलाही विद्यार्थी पडद्यावर काढू शकतो.

मात्र तो तक्ता एका-दोन आफ्रिकी बेडकांचाच आहे. झेनोपस जिंकला त्याला शास्त्रीय कारण थोडं, सोयीचं जास्त. १९३० च्या दशकात त्याच्यावरून माणसाच्या गर्भारपणाची चाचणी होऊ लागली, म्हणून तो जगभरच्या दवाखान्यांत पोहोचला. आणि संप्रेरक टोचलं की वर्षभर केव्हाही अंडी देतो. आपले बेडूक पावसाची वाट पाहतात. एडिंबराला कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुळहेरकर यांनी पुणे विद्यापीठात भ्रूणशास्त्राची परंपरा उभी केली. हेमंत घाटे आणि मुळहेरकर यांनी १९८० मध्ये मायक्रोहायला ऑर्नाटा या चिमुकल्या बेडकाच्या भ्रूणावर पाऱ्याच्या क्षाराचा परिणाम तपासला. १९९२ मध्ये आनंद पाध्ये आणि घाटे यांनी त्याच बेडकाच्या निरनिराळ्या अवस्था सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइड कितपत सोसतात ते पाहिलं. याच काळात ओडिशात, उत्कल विद्यापीठात, प्रियंबदा मोहंती-हेजमाडी यांच्या गटाने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या प्रभावाखाली बेडूकमाशाच्या तुटलेल्या शेपटीच्या जागी पाय उगवलेले दाखवले आणि ते १९९२ च्या ‘नेचर’मध्ये आलं. निरीक्षणात आपली मंडळी कुठे कमी नव्हती. कमी पडला तो मोसम आणि रेणूंच्या पातळीवरची साधनं. मिठाचा प्रश्न तर गॅप जंक्शनसाठी मुद्द्याचा आहे, कारण या नळ्यांतून आयनच सर्वांत सहज जातात. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या बेडकाच्या भ्रूणात कनेक्सिनांचा क्रम तोच असतो का, हे पासिर रिसजवळच्या बेडकाला विचारण्यासारखं आहे.

कनेक्सिन ३८ चं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १९८० च्या दशकात गेरहार्ड डाल यांच्या गटाने झेनोपसच्या दोन अंडपेशी चिकटवून बसवण्याची पद्धत काढली. हवं ते कनेक्सिन टोचायचं, दोघींमधला प्रवाह मोजायचा. माणसाच्या आजारांतली कनेक्सिनं अशीच तपासली जातात. १९९७ मध्ये जन्मजात बहिरेपणाशी जोडल्या गेलेल्या कनेक्सिन २६ च्या काही बदलांचा पुढच्याच वर्षी असा निवाडा झाला. भारतात याच जनुकातला एक बदल पुन्हापुन्हा आढळतो. त्यात २२६ अमिनो आम्लांचं प्रथिन २४व्या जागीच तुटतं, आणि तो एकाच पूर्वजाकडून पसरल्याचं बंगळुरूच्या अनुरंजन आनंद यांच्या गटाने २००३ मध्ये मांडलं. पण अंडपेशीचं स्वतःचं कनेक्सिन ३८ या मोजमापात लुडबुड करतं. ते शेजारणीशी नळ्या बांधतं, आणि जोडीदार नसला तरी अर्धी नळी उघडून प्रवाह गळू देतं, असं एबिहारा यांनी १९९६ मध्ये दाखवलं. म्हणून प्रयोगाच्या आधी त्याच्याविरुद्धचा उलटा डीएनए तुकडा टोचून त्याला गप्प करतात. ज्या जनुकामुळे बेडकाच्या भ्रूणातली पहिली वाट कळली, त्याचा उल्लेख आज बहुतेक निबंधांच्या पद्धती-विभागात एका ओळीत येतो: किती नॅनोग्रॅम टोचले आणि किती तासांनी मोजलं.